स्वाती आज कुठे आहे? तारकासूचीच्या तपासणीवर दोन मते

टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतात. कोकणातल्या, पुण्यातल्या आणि मुंबईत स्थायिक झालेल्या अशा कुटुंबांना यात नवल वाटत नाही. या फरकाचे मूळ आकाशात, ताऱ्याच्या जागेत आहे. नक्षत्रचक्राचा आरंभ रेवतीच्या योगताऱ्यापासून, म्हणजे त्या नक्षत्राच्या ओळखीच्या मुख्य ताऱ्यापासून धरायचा, की चित्रा बरोबर १८० अंशांवर येईल असा धरायचा, या दोन पक्षांत सुमारे ४ अंशांचे अंतर पडते. एवढे अंतर कापायला सूर्याला चार दिवस लागतात. संक्रांत चार दिवसांनी मागेपुढे झाली, की एखाद्या वर्षी अधिक मास वेगळ्याच महिन्याला लागतो आणि त्यामागून येणारा सण सरकतो.

ताऱ्यांच्या स्थानांची यादी म्हणजे तारकासूची. पंचांग तिच्यावर उभे असते, जहाजे तिच्या आधाराने समुद्र ओलांडत आली, अवकाशयाने आपली दिशा तिच्यावरून ठरवतात. मग ही सूची बरोबर आहे की नाही हे कुणी पाहायचे, कशाने पाहायचे आणि किती बारकाईने? पुढच्या संवादात या प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. मामा मुलुंडचे, तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवून निवृत्त झालेले. भाची अंधेरीला माहिती-विश्लेषणाचे काम करते आणि आधुनिक सूच्या तिच्या परिचयाच्या आहेत. दोघांनी आपापली बाजू मनापासून लढवली आहे.

मोजपट्टी कोणती?

भाची: मामा, तारकासूची गच्चीवरून तपासायची ही कल्पनाच मला पटत नाही. युरोपीय अवकाश संस्थेचं गाया यान डिसेंबर २०१३ मध्ये उडालं आणि जानेवारी २०२५ पर्यंत मोजत राहिलं. २०२२ साली त्याची तिसरी सूची आली, तिच्यात १८० कोटी नोंदी आहेत. पंधराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांची स्थानं साधारण ०.०२ मिलि-विकलांपर्यंत नेमकी आहेत. ज्याची तपासणी करायची त्यापेक्षा तपासणारं साधन बारीक हवं, हे तुम्हीच विद्यार्थ्यांना शिकवत होतात ना?

मामा: शिकवत होतो, आणि अजूनही तेच म्हणतो. पण आधी ते आकडे जमिनीवर उतरवू या, म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय ते डोळ्यांपुढे राहील. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. एखादा तारा बरोबर डोक्यावर, म्हणजे खमध्यात येतो असं धर. त्याची जागा एका विकलेनं चुकली, तर तो ज्या ठिकाणाच्या डोक्यावर येतो ते ठिकाण ३१ मीटरनं चुकलं. एका कलेला १.८ किलोमीटर. एका मिलि-विकलेला तीन सेंटीमीटर. तुझी ०.०२ मिलि-विकला म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त.

भाची: हेच मी म्हणतेय. आकाशातल्या जागा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजून झाल्यात. तिथे मुलुंडच्या गच्चीवरून काय पाहणार?

मामा: अर्धा मिलिमीटर हा त्या यानानं दिलेल्या मोजमापाचा विखुरलेपणा आहे. मोजमापं एकमेकांशी किती जुळतात ते त्यावरून कळतं. सगळी मिळून एकाच बाजूला सरकली असतील, तर ते त्या आकड्यात दिसत नाही. जुळणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं.

चार अंश कुठून आले?

मामा: आपल्याच घरातलं उदाहरण घे. सूर्यसिद्धान्तात नक्षत्रांच्या योगताऱ्यांचे ध्रुवक आणि विक्षेप, म्हणजे सूर्यमार्गाच्या आधारानं सांगितलेली त्यांची आडवी आणि उभी जागा, दिले आहेत. ती आपली एक प्राचीन तारकासूचीच. तिच्यात चित्रेचा ध्रुवक १८० अंश आणि विक्षेप दक्षिणेला २ अंश. रेवतीचा ध्रुवक ३५९ अंश ५० कला, विक्षेप शून्य. ध्रुवकांचं रूपांतर क्रांतिवृत्तावरच्या भोगात केलं, तर रेवतीपासून चित्रा साधारण १८१ अंशांवर पडते. आता आकाशात बघ. रेवतीची योगतारा म्हणून मीन राशीतला झीटा हा तारा ओळखला जातो. तिथून चित्रेपर्यंतचं खरं अंतर जवळजवळ १८४ अंश आहे. चित्रा १८० वर धरली, की चक्राचा आरंभ रेवतीपासून ४ अंश सरकतो तो यामुळेच.

भाची: म्हणजे सूचीतच ३ अंशांची चूक.

मामा: जमिनीवर मोजलीस तर ३३० किलोमीटर; मुलुंडहून सरळ दक्षिणेला मालवणच्या आसपास. दोन्ही नोंदी एकदम खऱ्या असूच शकत नाहीत. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांवरून ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचली, ती १८६० साली प्रसिद्ध झाली. १८६५ पासून त्यांच्या गणिताचं पंचांग निघू लागलं. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. त्यांनी रेवतीचा झीटा तारा आधार मानला. डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली गणित शिकलेल्या टिळकांनीही पुढे रेवतीपक्षच धरला. वेंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूला उभे राहिले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात योगताऱ्यांची ओळख, अयनांश, सायन आणि निरयन यांचा सगळा पसारा समोर मांडला. ही माणसं मोठी होती. भांडण पेटलं, कारण एकाच सूचीतल्या दोन नोंदींपैकी एकेका पक्षानं एकेक खरी धरली.

भाची: पण मामा, हा वाद वेधानं मिटलाच नाही! १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. १९५५ च्या अहवालात २१ मार्च १९५६ रोजीचा अयनांश, म्हणजे वसंतसंपातापासून चक्रारंभापर्यंतचं अंतर, २३ अंश १५ कला ठरवला, म्हणजे व्यवहारात चित्रापक्ष घेतला. तो संकेत होता. चक्राचा आरंभ कुठे धरायचा हे दुर्बीण सांगू शकत नाही. मग तपासणीचा उपयोग काय झाला?

मामा: हा मुद्दा तुझा खरा आहे. आरंभबिंदू ठरवायचा असतो, तो मोजून सापडत नाही. पण दोन ताऱ्यांमधलं अंतर ठरवता येत नाही, ते मोजावंच लागतं. वादातला ठरवण्याचा भाग कुठला आणि मोजण्याचा कुठला, हे ते १८४ अंश मोजल्यावरच वेगळं झालं. तोवर दोन्ही पक्ष ग्रंथाचाच आधार दाखवत होते. त्या समितीत नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी होते, ‘केसरी’चे ज. स. करंदीकर होते. मोजमाप हाताशी असल्यामुळे समितीला उरलेला प्रश्न मतानं सोडवता आला.

उपनगरांवरून सरकणारी स्वाती

भाची: मान्य. तरी तो दीड हजार वर्षांपूर्वीचा हिशेब. आजच्या सूचीत कुणी ३ अंश चुकत नाही.

मामा: सूची चुकत नसेल, वाचणारा चुकतो. स्वाती घे. उत्तर गोलार्धातला सगळ्यांत तेजस्वी तारा. बोरिवलीच्या झगमगाटातही दिसतो. सूचीत त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, काय दिली आहे?

भाची: २००० सालच्या चौकटीत, उत्तर १९ अंश १० कला ५७ विकला.

मामा: आणि मुलुंड स्थानकाचा अक्षांश १९ अंश १० कलांच्या थोडा वर. ज्या गावाचा अक्षांश ताऱ्याच्या क्रांतीइतका, त्या गावाच्या डोक्यावरून तो तारा जातो. तर आज रात्री स्वाती मुलुंडच्या माथ्यावरून जाईल का?

भाची: नाही. परांचनामुळे तिची क्रांती कमी होत चालली आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे स्वातीची क्रांती वर्षाला १६.६ विकलांनी घटते. शिवाय स्वातीची स्वतःची गती, निजगती, दक्षिणेकडे वर्षाला २ विकला. एकूण १८.६ विकला.

मामा: जमिनीवर वर्षाला सुमारे ५७० मीटर. आता बघ काय होतं. १९९१ च्या सुमारास स्वातीचा मार्ग बोरिवली स्थानकाच्या अक्षांशावर होता. २००२ च्या सुमारास मुलुंडच्या. २०१२ मध्ये अंधेरीच्या. २०१८-१९ मध्ये घाटकोपरच्या. २०२६ मध्ये तो शीवच्या जवळ पोहोचतो. एका पिढीत एक तारा आपल्या सगळ्या उपनगरांवरून दक्षिणेला निघून गेला. २००० सालचा आकडा तारीख न पाहता आज वापरलास, तर ८ कला चुकशील, पंधरा किलोमीटर.

भाची: हे सरासरी स्थानाचं झालं. पृथ्वीच्या वेगामुळे ताऱ्याचा प्रकाश तिरका आल्यासारखा दिसतो, त्यानं वर्षभरात २० विकलांपर्यंत फरक पडतो. अक्षाच्या डुलण्यानं आणखी काही विकलांचा.

मामा: ते धरायलाच हवं. आणि त्या २० विकला सापडल्या कशा, ते आठव. १७२५ च्या डिसेंबरात लंडनजवळ क्यू इथे मॉलिन्यू आणि ब्रॅडली यांनी कालेय समूहातला गॅमा हा तारा निवडला, कारण तो लंडनच्या खमध्याजवळून जातो. खमध्यात वातावरणाचं वक्रीभवन नसतं, ओळंब्यावरून थेट मोजता येतं. त्यांना ताऱ्याचं लंबन, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे त्याचं किंचित सरकलेलं दिसणं, शोधायचं होतं; त्यावरून ताऱ्याचं अंतर कळतं. तारा वर्षभर हलला, पण लंबनासाठी ज्या महिन्यांत हलायला हवा त्या महिन्यांत नाही. ब्रॅडलीनं तो फरक झटकून टाकला नाही. प्रकाशाला वेग आहे आणि पृथ्वी चालते आहे, याचा तो थेट पुरावा निघाला. मुंबईसाठी तसा तारा स्वाती आहे.

भाची: निजगतीचा शोधही स्वातीवरूनच लागला. १७१८ साली एडमंड हॅलीनं टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’मधली स्थानं आपल्या काळाशी ताडून पाहिली. परांचन वजा केल्यावरही स्वाती, व्याध आणि रोहिणी जागेवर बसेनात. स्वाती तर अठराशे वर्षांत एका अंशाहून जास्त, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुपटीहून जास्त सरकलेली.

मामा: ‘स्थिर तारे’ ही कल्पना तिथे संपली. आणि टॉलेमीची सूची काही उत्तम नव्हती. तिच्यातल्या भोगांमध्ये जवळजवळ एक अंशाची एकतर्फी चूक आहे. पण ती सगळ्या ताऱ्यांना सारखीच लागू होती, म्हणून बाजूला काढता आली. उरलेल्या फरकात नवं ज्ञान होतं.

कृत्तिकांचे अंतर

भाची: आता माझी बाजू ऐका. तुमची सगळी उदाहरणं विकला आणि कलांची आहेत. आजचा खेळ मिलि-विकलांचा आहे, आणि तिथे चूक पकडायला तितकंच मोठं यंत्र लागतं. गायाच्या आधीचं हिप्पार्कस यान. १९९७ साली त्याची सूची आली, १,१८,२१८ तारे, नेमकेपणा एका मिलि-विकलेच्या आसपास. त्यानं कृत्तिकांचं अंतर सुमारे ३८५ प्रकाशवर्षं सांगितलं. तोवरच्या हिशेबानं ते ४३५ च्या आसपास होतं.

मामा: दोघांतलं एक चूक.

भाची: आणि चूक किती? कृत्तिकांच्या लंबनात जेमतेम एक मिलि-विकला. तुमच्या हिशेबात तीन सेंटीमीटर. पण कृत्तिकांवरून ताऱ्यांच्या तेजाचं आणि वयाचं गणित बसवलं जातं, म्हणून तेवढ्यानं खळबळ माजली. ती चूक गच्चीवरून कुणी धरली नाही. २००४ साली पॅन, शाव आणि श्रीनिवास कुळकर्णी यांनी कृत्तिकांमधल्या ॲटलस या जोडताऱ्याची कक्षा व्यतिकरणमापीनं मोजली आणि अंतर १३३ ते १३७ पार्सेक, म्हणजे ४३४ ते ४४७ प्रकाशवर्षं असल्याचं दाखवलं. २०१४ साली दूरवर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी ४४४ प्रकाशवर्षं सांगितलं. गायाचं उत्तरही तिथेच आलं. हिप्पार्कसची नोंद पडली.

मामा: ते कुळकर्णी मूळचे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे.

भाची: हो, जन्म तिथलाच. पण त्यांच्या हाती पालोमार वेधशाळेची यंत्रणा होती. म्हणून म्हणते, तपासणी हे वेधशाळांचं काम.

मामा: मी यातून दुसरी गोष्ट घेतो. त्या तिघांनी हिप्पार्कसचंच मोजमाप पुन्हा केलं नाही. यानानं लंबन मोजलं होतं; यांनी दोन ताऱ्यांची एकमेकांभोवतीची कक्षा मोजली. रेडिओवाल्यांनी प्रकाशच वेगळा घेतला. तपासणीत बळ येतं ते रस्ता वेगळा असल्यामुळे. एकाच रस्त्यानं दहादा गेलं तर खड्डाही दहादा तोच लागतो.

भाची: गाया स्वतःची तपासणी करतेच की. क्वासार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं, इतके दूर आहेत, की त्यांचं लंबन शून्यच यायला हवं. तिसऱ्या सूचीच्या माहितीत ते सरासरी उणे ०.०१७ मिलि-विकला आलं, म्हणून सगळ्या लंबनांत त्या दिशेनं दुरुस्ती करावी लागते. हे लाखो क्वासारांशिवाय कळलं नसतं.

मामा: आणि २०१८ च्या दुसऱ्या सूचीत तेजस्वी ताऱ्यांची चौकट क्वासारांच्या चौकटीच्या तुलनेत वर्षाला सुमारे ०.१ मिलि-विकलेनं फिरत होती. ते कशावरून कळलं?

भाची: हिप्पार्कसच्या पंचवीस वर्षं जुन्या स्थानांवरून, आणि रेडिओनं पाहिलेल्या ताऱ्यांवरून.

मामा: कृत्तिकांपाशी चुकलेलं हिप्पार्कस इथे गायाची चूक दाखवायला उपयोगी पडलं. कमी नेमकी, पण वेगळी आणि जुनी नोंद टाकाऊ नसते, एवढंच माझं म्हणणं.

गच्चीवरून काय शक्य आहे?

भाची: ठीक. मग उपनगरातल्या माणसानं नेमकं काय करायचं? आमच्याकडून मृग आणि सप्तर्षी दिसले तरी पुष्कळ. रेवतीचा तो झीटा तारा पाचव्या प्रतीचा. अंधेरीतून नुसत्या डोळ्यांनी तो दिसणारच नाही.

मामा: पहिलं म्हणजे, आपल्याला दिसतात ते तेजस्वी तारे, आणि गाया अडखळते ती नेमकी तिथेच. तिसऱ्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांपैकी सुमारे २० टक्के तारे तिच्या तिसऱ्या सूचीत नाहीत. जे आहेत त्यांची मोजमापंही तितकी चांगली नाहीत. स्वाती, चित्रा यांच्यासाठी अजून हिप्पार्कसकडेच जावं लागतं.

भाची: त्यासाठी मुलुंडहून मोजलेली कला कुणाला हवी आहे?

मामा: सूची सुधारायला नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण वाचण्यातली चूक पकडायला ती पुरते. कुठल्या वर्षाची चौकट, निजगती जोडली की नाही, चिन्ह उलटं पडलं का, चुकून शेजारचा तारा घेतला का. मे महिन्याच्या मध्यावर रात्री सव्वाअकरा ते साडेअकराच्या दरम्यान, जूनच्या पहिल्या दिवसांत सव्वादहाच्या सुमारास स्वाती मुंबईच्या डोक्यावर येते. पावसाच्या अगदी आधी. कॅमेरा सरळ वर रोखून समतल फिरत्या पाटावर बसवायचा, एक फोटो घ्यायचा, पाट १८० अंश फिरवून दुसरा. दोन्ही फोटोंतला जो बिंदू हलत नाही तो खमध्य. सर्वेक्षणात फेस लेफ्ट आणि फेस राइट वाचन घेतो त्याचीच ही रीत. यंत्राची स्वतःची चूक दोन्ही वाचनांत उलटसुलट पडते आणि वजा होते. एवढ्यानं एक कला सहज मिळते. सूचीतल्या आणि आजच्या जागेतला फरक ८ कलांचा आहे. शाळेतली मुलगी परांचन स्वतः मोजून दाखवू शकेल.

भाची: शिक्षण म्हणून मी मान्य करते. विज्ञान म्हणून?

मामा: विज्ञान म्हणून पिधान. एखादा लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याची सावली जमिनीवरून सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगानं धावते. तारा मावळल्याचा क्षण जीपीएसच्या वेळेशी जोडून एका दशांश सेकंदापर्यंत टिपला, तर सावलीची कड दीड किलोमीटरच्या आत कळते. लघुग्रह ३० कोटी किलोमीटर दूर असेल, तर तिथले दीड किलोमीटर म्हणजे किती?

भाची: थांबा... एक मिलि-विकला.

मामा: हिप्पार्कसचा नेमकेपणा. गच्चीवरच्या आठ इंची दुर्बिणीतून आणि व्हिडिओ कॅमेऱ्यातून.

भाची: पण तो आकडा ताऱ्याचा एकट्याचा नाही. तारा आणि लघुग्रह यांच्या एकमेकांसापेक्ष जागेचा आहे. फरक निघाला तर दोष कुणाचा, हे एका गच्चीवरून सांगता येणार नाही.

मामा: नाहीच सांगता येणार. म्हणून बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, पनवेल, नाशिक अशा दहा ठिकाणांहून टिपायचं, आणि त्याच लघुग्रहाची पुढची पिधानंही. आणि तारा एकदम न मावळता दोन पायऱ्यांत मंदावला, तर सूचीत एकटा म्हणून नोंदलेला तारा प्रत्यक्षात जोडतारा आहे हे त्या एका रात्रीत कळतं. जोडताऱ्याच्या नोंदीतच स्थानाच्या चुका जास्त असतात.

भाची: युरेनसची कडी पिधानातच सापडली होती.

मामा: १० मार्च १९७७. युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. भाकितात चूक असू शकते हे ठाऊक असल्यामुळे कायपर विमान-वेधशाळेतल्या मंडळींनी यंत्रं वेळेच्या बऱ्याच आधी सुरू केली. तारा ग्रहाच्या आधीच पाच वेळा लुकलुकला. आपल्या कावळूर वेधशाळेतूनही त्या रात्री निरीक्षण झालं होतं. भाकितावर त्यांनी डोळे मिटून भरवसा ठेवला असता, तर पहिल्या लुकलुकण्याच्या वेळी यंत्रं बंद असती.

जुन्या काचा

भाची: एका बाबतीत मी तुमच्या बाजूला येते. काळ विकत घेता येत नाही. निजगती मोजायला दोन तारखांमधलं अंतर लागतं आणि जुनी तारीख नव्या यानाकडे नसते. २००० साली टायको-२ ही २५ लाख ताऱ्यांची सूची झाली. यानाची नोंद १९९१ च्या सुमाराची. निजगती काढायला तिला आधार मिळाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोटोग्राफीच्या काचांवर टिपलेल्या आकाशाचा.

मामा: त्या कामातला एक वाटा हैदराबादच्या निझामिया वेधशाळेचा. जगभरातल्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते. निझामियानं दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा घेतला आणि नंतर उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचाही. सुमारे आठ लाख ताऱ्यांची स्थानं मोजली गेली. १९१७ ते १९४६ या काळात त्यांचे बारा खंड निघाले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काचा मोजणाऱ्यांना अवकाशयान ठाऊक नव्हतं. त्यांनी तारीख, काच, मोजमाप आणि चूक नीट लिहून ठेवली, म्हणून ऐंशी वर्षांनी त्याचा उपयोग झाला.

भाची: तेच हौशी मंडळींच्या बाबतीत मला खटकतं. फोटो पुष्कळ असतात, पण वेळ मिनिटापुरती, ठिकाण ‘मुंबई’ एवढंच, आणि चूक किती असेल याचा उल्लेखच नाही. अशी नोंद कितीही सुंदर असली तरी तिची तपासणी करता येत नाही आणि तिनं कशाचीही तपासणी होत नाही.

मामा: हा दोष खरा आहे. तो सुधारला नाही, तर गच्चीवरच्या कामाला कुणी विज्ञान म्हणू नये, असं मीही म्हणेन.

निवाडा

दोघांच्या बोलण्यातून जे उरते ते मला असे दिसते. भाचीचा आग्रह रास्त आहे: ०.०१७ मिलि-विकलेची चूक क्वासारच दाखवू शकतात, आणि घरच्या दुर्बिणीने गायाला तपासल्याचा दावा कुणी करू नये. नक्षत्रचक्राचा आरंभ ठरवणे आणि ताऱ्यांमधले अंतर मोजणे ही दोन कामे आहेत, हा तिचा भेदही प्रत्येक पंचांगकर्त्याने आणि वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. मामांचे म्हणणेही तितकेच पक्के आहे. सूचीचा नेमकेपणा सूचीच्या आतून पूर्ण कळत नाही. त्यासाठी वेगळ्या रस्त्याने आलेली नोंद लागते, मग ती अल्माजेस्टमधली असो, निझामियाच्या काचेवरची असो, की मुलुंडच्या गच्चीवर टिपलेला पिधानाचा क्षण असो. हॅली, ब्रॅडली, कुळकर्णी यांना जे मिळाले ते न जुळणाऱ्या आकड्याला थारा दिल्यामुळे मिळाले.

मुंबईत याची सोय आहे. शीवचे खगोल मंडळ अनेक वर्षे लोकांना आकाश दाखवत आले आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, उपनगरांतल्या कित्येक शाळा-महाविद्यालयांत दुर्बिणी आहेत. त्यांना माझी विनंती आहे, की वर्षातून निदान काही पिधाने एकत्र ठरवून, अनेक गच्च्यांवरून टिपावीत. प्रत्येक नोंदीत तारीख, सेकंदाच्या अंशापर्यंत वेळ, अक्षांश-रेखांश, वापरलेली सूची आणि तिची चौकट कोणत्या वर्षाची, हे लिहावे. आणि आपल्या मोजमापात चूक किती असू शकते तो आकडा कधीही गाळू नये. चूक किती असेल याचा अंदाज न दिलेले स्थान तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते स्थान कुठल्याही सूचीत जाण्याच्या लायकीचे नाही.